परवाना बदलला, थांबवला की काढून घेतला?

साताऱ्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अग्निबाण सोडण्याच्या परवान्यांविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘मॉडिफाय’, ‘सस्पेंड’ आणि ‘रिव्होक’ या क्रियांसाठी काय लिहावे, कारण तिच्या मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘रद्द करणे’ आले आहे. शिवाय ‘लायसन्स’साठी परवाना घ्यावा, परवानगी की अनुज्ञप्ती?

दुसरा प्रश्न आधी मिटवतो. परवानगी तोंडीही मिळते, परवाना मात्र अटींसह हाती पडतो. म्हणून आपण परवानगी नाकारतो आणि परवाना काढून घेतो. ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’मुळे आरटीओच्या दारात ओळखीचा झालेला राजभाषेतला शब्द चुकीचा नाही, पण आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात साखर कारखान्याला हंगामाआधी साखर आयुक्तांकडून ‘गाळप परवाना’ घ्यावा लागतो, हे ऊसतोडीच्या फडातल्या माणसालाही ठाऊक असते. म्हणून परवानाच लिहावा, असे माझे मत आहे.

खरी मेख क्रियापदांत आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातील कामालाही तिचे राष्ट्रच जबाबदार असते आणि त्या राष्ट्राने मंजुरी देऊन मोकळे न होता सतत देखरेख ठेवायची असते. त्यामुळे दिलेल्या परवान्यात नंतरही हात घालण्याचा अधिकार सरकारे राखून ठेवतात. ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यात परवान्याच्या अटी मोडल्यास, किंवा सार्वजनिक आरोग्य, राष्ट्रीय सुरक्षा अथवा आंतरराष्ट्रीय बांधिलकी यांसाठी आवश्यक वाटल्यास, मंत्र्याला परवाना बदलता, निलंबित करता किंवा काढून घेता येतो. अमेरिकेच्या कायद्यातही हे तिन्ही अधिकार आहेत आणि तिथे असा आदेश लगेच लागू होऊन फेरविचार चालू असतानाही कायम राहतो. निलंबनात, म्हणजे ‘सस्पेंड’ केल्यावर, परवाना जिवंत राहतो, फक्त त्याचा वापर थांबतो. तिन्हींना ‘रद्द’ म्हटले की हा भेद पुसला जातो.

उदाहरणच घ्यायचे तर, २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासमधून झेपावलेला स्पेसएक्स कंपनीचा स्टारशिप अग्निबाण आकाशातच नष्ट झाल्यावर चौकशीअंती ६३ सुधारणा ठरल्या, १५ नोव्हेंबरला परवान्यात बदल झाला आणि १८ नोव्हेंबरला दुसरे उड्डाण झाले. या प्रकरणात ‘परवाना रद्द’ असे लिहिणे धादांत चूक ठरेल.

‘मॉडिफाय’साठी ‘फेरफार’ सुचण्याचा संभव आहे. तलाठ्याकडची फेरफार नोंद निरुपद्रवी असली, तरी ‘कागदपत्रांत फेरफार केला’ म्हटले की वाचकाला लबाडीचा वास येतो. त्यापेक्षा ‘परवान्याच्या अटींत बदल करणे’ हे साधे आणि निःसंदिग्ध आहे. ‘रिव्होक’साठी ‘मागे घेणे’ हा शब्द धात्वर्थाने अगदी जुळतो, कारण ‘रिव्होक’चा मूळ अर्थ परत बोलावणे असाच आहे. परंतु ‘सरकारने निर्णय मागे घेतला’ या वाक्यात मराठी माणसाला सरकारची माघार ऐकू येते, इथे तर कारवाई चालली आहे. म्हणून ‘काढून घेणे’ किंवा, कायदेशीर मसुद्यापुरते, ‘रद्द करणे’ चालेल. ‘रद्दबातल’ मात्र टाळावा, कारण त्यातल्या ‘बातल’ला निरर्थक, अवैध असा अर्थ चिकटलेला असल्याने परवाना मुळातच पोकळ होता असे सूचित होते.

आणखी एक घोटाळा वर्तमानपत्रांत नेहमी दिसतो. अमेरिकी कायद्यात परवाना निलंबित करण्याहून वेगळा, ठरावीक उड्डाण तत्काळ रोखण्याचा अधिकारही आहे. तिथे ‘उड्डाण रोखले’ म्हणावे. खराब हवामानामुळे ‘उड्डाण रद्द’ झाले, तर त्याचा परवान्याशी काहीही संबंध नसतो.

शेवटी, विद्यार्थिनीने न विचारलेली एक गोष्ट. तिने शीर्षकात नुसते ‘प्रक्षेपण परवाना’ लिहिले आहे. ज्या घरात क्रिकेटचे ‘थेट प्रक्षेपण’ पाहिले जाते, तिथे हा परवाना दूरचित्रवाणी वाहिनीचा वाटेल, तेव्हा निदान पहिल्या उल्लेखात तरी ‘अग्निबाण प्रक्षेपण परवाना’ असे पूर्ण लिहावे.