न्यू जर्सीत काउंटीवर थांबू नकोस

न्यू जर्सीतली दारू पिऊन गाडी चालवल्याची केस शोधतोयस ना? मग काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टातल्या खटल्यांच्या यादीत नाव नाही म्हणून 'रेकॉर्ड स्वच्छ' असं ठरवून मोकळा होऊ नकोस. तिथे याला फौजदारी गुन्हा नव्हे, वाहतुकीचा नियमभंग धरतात, कलम ३९:४-५०. त्यामुळे खटला चालतो म्युनिसिपल कोर्टात. तेही माणूस राहतो त्या गावच्या नव्हे, गाडी जिथे अडवली तिथल्या. एडिसन गावचा माणूस न्यूअर्क शहरात सापडला तर फाइल न्यूअर्कला. अपील झालं असेल किंवा कुणी जबर जखमी झालं असेल, तर मात्र काउंटीचं सुपीरियर कोर्ट बघच. पोलिसांनी नुसती आरोपाची पावती फाडली म्हणजे दोषी ठरला असं नाही, निकालाची नोंद वाच. आणि जन्मतारीख जुळव बाबा, एडिसनात एकाच नावाचे पटेल काय कमी आहेत?