गेम डिझायनर व्हायचंय: 16 लाखांची डिग्री की 18 हजारांची टेस्टरची नोकरी?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इचलकरंजीचा, वय 19, बारावी सायन्स झालेली. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात गेम डिझाइनच्या चार वर्षांच्या बी.डेस.ला (डिझाइनची पदवी) प्रवेश मिळतोय. राहण्याखाण्यासकट खर्च 16 लाख, त्यातलं जवळजवळ सगळं कर्ज. त्याच वेळी पुण्यातल्याच एका स्टुडिओत क्यूए टेस्टरचं, म्हणजे गेममधल्या चुका शोधणाऱ्याचं, 11 महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट हातात आहे, महिना 18 हजार. वडील म्हणतात डिग्री, मित्र म्हणतात नोकरी.

19 वर्षांचा आहेस म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नकोस.

मी स्वतः नोकरीच्या दारातून आलो. 2011 साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इतके विषय राहिले होते, की घरी मार्कशीट दाखवण्यापेक्षा पुण्याची एसटी पकडणं सोपं वाटलं. टेस्टर म्हणून लागलो आणि आता बरीच वर्षं लेव्हल डिझाइन करतोय, म्हणजे गेममधल्या एकेका टप्प्याची आखणी. त्यामुळे हा 'नोकरी घे'च म्हणणार असं तुला वाटेल. म्हणणारही आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती अट मला चांगलीच महागात पडून कळली.

आधी नोकरीबद्दल, कारण तिच्याविषयी तुझे गैरसमज जास्त दिसतात. टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात असं तू लिहिलंयस. माझे पहिले दोन महिने भिंतींना धडका देण्यात गेले. शब्दशः. एका लेव्हलमधल्या प्रत्येक भिंतीला, खांबाला, पिंपाला आपलं पात्र चिकटवायचं, तिरकं चालवायचं, उडी मारायची आणि कुठून आरपार जातंय का ते बघायचं. गेलं, तर तीच गोष्ट दहा वेळा करायची, दहापैकी किती वेळा होतंय ते मोजायचं, आणि पायरी पायरीने लिहायचं: कुठे उभं राहायचं, कुठलं बटण दाबायचं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पुढे कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, नियमांची तपासणी आली. खेळ ऐन रंगात असताना कंट्रोलर काढायचा. गेम थांबून सूचना दिसली पाहिजे. हे प्रत्येक स्क्रीनवर. सेव्ह होत असताना, व्हिडिओ चालू असताना, मेनूमध्ये. संध्याकाळी घरी गेल्यावर गेम या शब्दाचाच वीट यायचा.

पण याच कंटाळवाण्या कामात माझे डोळे तयार झाले, हेही खरं. एका लेव्हलमध्ये तळघरातून बाहेर पडायचा जिना डावीकडे होता आणि प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळून बघायला, आलेली माणसं हटकून उजवीकडे जात होती. तिथे काहीच नव्हतं, नुसती बंद खोली. सगळे म्हणत होते, बाणाची खूण टाकूया. मी दोन दिवस लोकांच्या मागे उभा राहून फक्त माना कुठे वळतात ते पाहिलं. त्या बंद खोलीच्या दाराशी एक दिवा होता, बस्स. अंधारात माणूस उजेडाकडे जातो. एका कागदावर नकाशा काढला, दिव्यावर फुली मारली, जिन्यापाशी नवा दिवा काढला आणि लेव्हल डिझायनरच्या टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्या आठवड्यात दिवा हलला, आणि बाणाची गरज उरली नाही. माझ्यासाठी डिझाइन त्या दिवशी सुरू झालं. पगार तोच राहिला.

आता या नोकरीची वाईट बाजू, जी तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. तू सही करशील त्यात गुप्ततेचं कलम असणार. म्हणजे गेम बाजारात येईपर्यंत तू कशावर काम करतोस हे कुणाला दाखवणं सोड, सांगूही शकत नाहीस. गेम येतो दोन-तीन वर्षांनी. तोवर तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. माझ्या पहिल्या गेमच्या श्रेयनामावलीत तर माझं नावच नव्हतं, कारण मी 'बाहेरचा माणूस' होतो. त्यामुळे 11 महिने राबूनही पोर्टफोलिओत (आपल्या कामाच्या नमुन्यांत) टाकायला त्या नोकरीतलं एक चित्रही मिळणार नाही. आणि क्यूएमधून डिझाइनमध्ये आपोआप बढती वगैरे होत नसते. आपल्याकडच्या मोठ्या स्टुडिओंत बरंचसं काम बाहेरून येतं: आर्ट, टेस्टिंग, को-डेव्हलपमेंट (दुसऱ्यांच्या गेमचा काही भाग बनवून देणं). गेम कसा असावा हे पुष्कळदा दुसऱ्या देशात ठरतं. डिझायनरच्या खुर्च्या मुळातच कमी, आणि त्या खुर्चीवर बसायला आतलाच माणूस लागतो असंही नाही.

अशा खुर्चीसाठी आम्ही माणसं कशी निवडतो, ते ऐक. मी मुलाखतीत एकच गृहपाठ देतो: सापशिडी घ्या. त्यात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, फासा सांगेल तसं हलायचं. त्यात एक निर्णय घाला. एकच. बहुतेक मुलं चार पानी डॉक्युमेंट आणतात. त्यात जादूचे साप, शिडी विकत घ्यायची नाणी, पात्रांची पूर्वकथा. खेळून किती वेळा पाहिलंस, विचारलं की गप्प. एक मुलगी मात्र दोनशेपानी वही घेऊन आली होती. तिचा नियम एका ओळीचा: दोन फासे टाका, एक स्वतःसाठी घ्या, उरलेला समोरच्याला द्या. किती साधं, आणि लगेच किती काय होतं बघ. मला 3 आणि 5 पडले, 5 ने मी शिडीवर जातो, पण 3 ने तो सापातून वाचतो, मग? वहीत धाकट्या भावाबरोबरच्या 20 डावांची नोंद होती. आठव्या डावाशी लिहिलेलं: '94 च्या पुढे खेळ अडकतो. समोरच्याला हवा तोच फासा दोघंही धरून बसतात. भाऊ उठून गेला.' आणि दुरुस्ती: 100 ला नेमकं पोचण्याची सक्ती काढली, ओलांडलं तरी जिंकला. 'भाऊ उठून गेला' या तीन शब्दांवर मी तिला घ्यायचं ठरवलं. ती बी.कॉम. आहे हे मला नंतर एचआरकडून कळलं.

म्हणून डिग्रीत कौशल्य मिळतं की नोकरीत, या वादात मला फारसा रस नाही. ते वहीत मिळतं. कॉलेजमध्ये वही भरायला चार वर्षं, चार सोबती आणि सबमिशनची तारीख मिळते. हे कमी नाही. आर्ट येणारा एक, कोड येणारा एक आणि तू, असे तिघं एकत्र आलात आणि एका सेमिस्टरमध्ये दहा मिनिटांचा का होईना पण पुरा गेम बाहेर काढलात, तर ती संगत पुढे वीस वर्षं पुरते. चुका तिथे स्वस्तात होतात. खासगी कॉलेजची फी भरायची ती याच्यासाठी. सॉफ्टवेअर शिकायला नव्हे. गेम बनवायचं गोडो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तशाच अनरियल या सॉफ्टवेअरचे निर्माते गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रॉयल्टी घेत नाहीत, आणि त्या दिवसाची काळजी आपण तूर्त करायला नको. प्रवेशाआधी त्या कॉलेजात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचे गेम खेळायला माग. व्हिडिओ नको, हातात कंट्रोलर घेऊन. पाच गेमसुद्धा चालू होत नसतील तर त्यांचं प्लेसमेंटचं पत्रक वाचायची गरज नाही.

पण 16 लाख! इथे मी तुझ्या वडिलांच्या नव्हे, हिशोबाच्या बाजूने आहे. समज 15 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. हप्ता महिन्याला 20 हजारांच्या थोडा वर बसतो, आणि शिकत असताना चढणारं व्याज मी यात धरलेलंच नाही. सुरुवातीचा पगार 25-30 हजार असला तर पुण्यात खोलीचं भाडं कशातून देणार? कर्जाच्या ओझ्याखालचा माणूस मिळेल ती नोकरी घेतो. माझ्या ओळखीची दोन मुलं अशीच रमी आणि पत्त्यांच्या पैशांच्या ॲपमध्ये गेली, कारण तिथे डिझायनरला पगार बरा होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतोच.

आता माझी अट. नोकरी घे, पण त्याच प्रवेशाच्या मोसमात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्मही भर. बी.ए., बी.कॉम., जे झेपेल ते. कारण सांगतो. 2018 साली जर्मनीतल्या एका स्टुडिओने मला निवडलं. तीन फेऱ्या झाल्या, टेस्ट झाली, पगार ठरला. मग त्यांच्या एचआरने सहज ईमेल केला, पदवीचं प्रमाणपत्र पाठवा. तिथल्या ब्लू कार्डला, म्हणजे कामाच्या परवान्याला, तेव्हा विद्यापीठाची पदवी लागायची. माझ्याकडे बारावीची मार्कशीट होती आणि सात वर्षांचा अनुभव. तो अनुभव स्टुडिओला चालत होता, व्हिसाला चालत नव्हता. आठवडाभर ईमेल सुरू राहिले, मग त्यांनी सभ्यपणे दिलगिरी कळवली. अमेरिकेचंही तेच: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तिथे तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरतात. चार वर्षांच्या पदवीचे झाले 12. मी 27 व्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आणि तिसाव्या वर्षी पदवी घेतली. परीक्षेला शेजारच्या बाकावर एक पोलीस हवालदार असायचा, तो मला 'काय प्रोफेसर' म्हणायचा. फी वर्षाला काही हजार. हेच 19 व्या वर्षी केलं असतं तर जर्मनीचा निकाल वेगळा लागला असता की नाही ते सोड, पण निदान चेंडू माझ्या कोर्टात असता.

बी.ए.ने डिझाइन येत नाही हे उघड आहे. पण कुठल्याही शाखेची पदवी असली की पुढे पदव्युत्तरचं दार उघडं राहतं. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) बेंगळुरू कॅम्पसमध्ये आहे. 22-23 व्या वर्षी, हातात चार पुरे केलेले छोटे गेम आणि पाठीशी नोकरीचा अनुभव घेऊन तू तिथे अर्ज केलास, तर आज 16 लाख मोजून जे मिळणार त्यापेक्षा तो सौदा मला उजवा वाटतो. आणि पुण्यातून काही होत नाही असं कोणी म्हणालं तर 'राजी' हा गेम पुण्यातल्याच एका छोट्या स्टुडिओने बनवला आणि 2020 च्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं, एवढं सांग.

एक गोष्ट आणखी, आणि ही सहीच्या आधी करायची. कॉन्ट्रॅक्टमध्ये 'नोकरीच्या काळात तयार केलेली सर्व निर्मिती कंपनीच्या मालकीची' अशा अर्थाचं वाक्य शोध. बऱ्याच ठिकाणी ते इतकं सैल लिहिलेलं असतं, की रात्री घरी आपल्या लॅपटॉपवर बनवलेला गेमही त्यात येऊ शकतो, आणि तुझा तर सगळा भरवसा त्याच रात्रीच्या गेमवर असणार. एचआरला विचार: घरच्या वेळेत, घरच्या मशीनवर केलेलं माझं राहील ना? जानेवारीच्या ग्लोबल गेम जॅमला (थोड्या वेळात गेम बनवायचा जगभरचा उपक्रम) 48 तास बसलो तर चालेल ना? चांगली माणसं असतील तर दोन ओळींत हो म्हणतील. फक्त हे ईमेलवर विचार, फोनवर 'अरे चालतं रे' म्हणाले तर ते धरू नकोस. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून कॉन्ट्रॅक्टला टाचून ठेव.