जाहिरातीत ६३ हजार, काका म्हणतात १२ हजार: फायरमनला पगार नक्की मिळतो किती?

नमस्कार ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलाची बारावी झालीय, त्याला फायर ब्रिगेडमध्येच जायचंय, आणि घरात सध्या दोन आकडे फिरतायत. त्याच्या मोबाईलवर आलेल्या जाहिरातीत ६३,२०० आणि तुमचे दीर म्हणतात शेजारच्या नगरपरिषदेत पोरं १२ हजारावर राबतायत. खरं कोण बोलतंय असं तुम्ही विचारलंय. तर दोघंही खरं बोलतायत, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, आपल्याकडे पोलिसांसारखं अख्ख्या महाराष्ट्राचं एकच फायर खातं नाहीये. राज्याचं अग्निशमन संचालनालय आहे, पण फायरमनला नोकरीवर ठेवणार महापालिका, नगरपरिषद नाहीतर एमआयडीसी, आणि त्यांची भरती वेगळी, नियम वेगळे, भत्ते वेगळे. म्हणून "महाराष्ट्रात फायरमनला पगार किती" ह्याला एक उत्तर नाहीच, आधी विचारायचं मालक कोण.

आता ६३,२०० चं बघू. बऱ्याच महापालिकांच्या जाहिरातीत वेतनश्रेणी १९,९००-६३,२०० अशी असते, सातव्या वेतन आयोगातली एस-६. मुंबई अग्निशमन दलाच्या ९१० जागांच्या भरतीत ती २१,७००-६९,१०० होती. यातला पहिला आकडा म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन आणि दुसरा म्हणजे त्या श्रेणीचं शेवटचं टोक. वर्षाला साधारण ३ टक्के वाढ मिळते, १९,९०० चे पुढच्या वर्षी २०,५०० होतात, आणि असं एकेक पायरी चढत त्याच श्रेणीत ६३,२०० ला पोचायला ३९ वाढी लागतात! पोरगा बाविसाव्या वर्षी लागला तरी त्याच्या आधी रिटायर होईल. त्यामुळे तो दुसरा आकडा सरळ विसरा.

पण १९,९०० म्हणजे हातात १९,९०० असंही नाही हं, त्यावर महागाई भत्ता (डीए) आणि घरभाडं चढतं. हिशोब सोपा जावा म्हणून डीए ५० टक्के धरू (सध्या त्याहून जास्तच आहे). म्हणजे ९,९५० झाले. घरभाडं राज्य सरकारच्या धर्तीवर धरलं तर मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, नाशिक-नागपूरसारख्या शहरात २० आणि लहान गावात १०. नाशिकच्या गटातलं शहर धरा, ३,९८० आले, एकूण ३३,८३०. आता कापाकापी. पेन्शनसाठी एनपीएसमध्ये मूळ अधिक डीएच्या १० टक्के म्हणजे २,९८५ आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेतीस हजाराच्या आसपास, त्यातून गटविम्याचे थोडे जातील, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या पतसोसायटीचं कर्ज काढलंत तर तो हप्ता वेगळा. धुलाई, गणवेश, जोखीम असले भत्ते प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे आणि काही ठिकाणी अगदीच किरकोळ असतात, त्यांच्यावर घरचं बजेट बसवू नका.

मुंबईचं गणित जरा वेगळं. तिथे फायर स्टेशनला लागून क्वार्टर मिळाली तर घरभाडं भत्ता बंद होतो आणि स्लिपवर पगार कमी दिसतो, लोक त्यावरून कुरकुर करतात, पण मुंबईत स्टेशनशेजारी राहायला मिळणं ही माझ्या मते त्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई आहे. अर्थात क्वार्टर लगेच मिळेलच असं धरून चालू नका.

आता दिरांचे १२ हजार. ती पोरं बहुतेक ठेकेदारामार्फत किंवा ठोक मानधनावर लागलेली असणार. काम तेच, आग तीच, पण डीए नाही, वार्षिक वाढ नाही, एनपीएस नाही. जाहिरातीत "ठोक मानधन", "कंत्राटी", "११ महिन्यांसाठी", "बाह्ययंत्रणेद्वारे" असं काही दिसलं की समजून जा. अनुभव म्हणून वर्षभर करायला हरकत नाही, पण "नंतर परमनंट करतो" या तोंडी शब्दावर कुणाला एक रुपयाही देऊ नका.

पेन्शनचं तुम्ही खास विचारलंय. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या एनपीएस खात्यात सरकार १४ टक्के टाकतं, महापालिकेत काय पद्धत आहे ते तिथल्या आस्थापना विभागात विचारायचं. आणि अजून एक विचारून घ्या, बोलायला जड जातं पण घ्या, ड्युटीवर काही बरंवाईट झालं तर विमा किती, सानुग्रह मदत किती, अनुकंपा नोकरीचा नियम काय. २०१५ च्या काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुखही होते. म्हणजे धोका फक्त खालच्या पोरांना असतो असं नाही.

पगार खरा वाढतो तो प्रमोशनने. फायरमन, मग लीडिंग फायरमन, मग सब ऑफिसर, पुढे स्टेशन ऑफिसर. जागा रिकामी नसली की माणूस वर्षानुवर्षं तिथेच अडकतो, त्यासाठी १०-२०-३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना आहे (प्रमोशन नाही मिळालं तरी पगार वरच्या श्रेणीचा), ती तुमच्या महापालिकेत लागू आहे का तेही बघा. मुलाला अभ्यासाची आवड असेल तर सब ऑफिसरच्या कोर्सचं आत्तापासून डोक्यात ठेवू दे, नागपूरला केंद्राचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे.

आणि कोर्सची फी भरायच्या आधी थांबा! तुम्ही लिहिलंय तालुक्याच्या एका इन्स्टिट्यूटने "१०० टक्के सरकारी नोकरी" म्हणून पैसे मागितलेत. अनेक जाहिरातींत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्यांचा कोर्स मागतात, तो सांताक्रूझच्या केंद्राचा. खासगी सर्टिफिकेट तिथे चालेलच असं नाही. मुंबईच्या त्या भरतीत तर बारावीवर घेऊन ट्रेनिंग नंतर दिलं जाणार होतं. तेव्हा मुलाला सांगा, गेल्या दोन-तीन भरतींच्या मूळ जाहिराती महापालिकेच्या साइटवरून काढ, व्हॉट्सॲपवरच्या नको, आणि शैक्षणिक अर्हता, उंची आणि वेतनश्रेणी या तीन ओळींखाली पेनाने रेघ मार. त्या जाहिराती मला पाठवा, इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रकही पाठवा, मी बघून सांगते. तोवर फी भरू नका.