झेंडा सहा रंगांचा, मोहल्ला मात्र विखुरलेला

प्रश्न : मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो, तेव्हा कॅस्ट्रो भाग पाहिला. रस्ताभर सप्तरंगी झेंडे, रस्ता ओलांडायचे पट्टेसुद्धा रंगीत. तिथले लोक मात्र ‘आता ते जुनं कॅस्ट्रो राहिलं नाही’ म्हणत होते. असं का? आणि आपल्या पुण्यात समलिंगी लोकांची अशी एखादी वस्ती का झाली नाही?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कॅस्ट्रो घडलं स्वस्त घरांमुळे आणि बदललं महाग घरांमुळे. मुळात ती आयरिश कष्टकरी कुटुंबांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं उपनगरांत गेली आणि मोठाली लाकडी घरं कमी भाड्यात मिळू लागली. घरच्यांनी हाकललेली, समलिंगी म्हणून सैन्यातून काढलेली माणसं या शहरात अडकली होती. सत्तरच्या दशकात ती या घरांत येऊन राहिली. एकेका घरात चार-पाच जण भाडं वाटून घ्यायचे. ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट इथे उघडपणे समलिंगी म्हणून जगणारे नेते हार्वी मिल्क यांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. फिल्म धुवायला येणारं गिऱ्हाईक तिथेच निवडणुकीच्या कामाला लागायचं. १९७७ मध्ये मिल्क शहराच्या सभागृहावर निवडून आले आणि २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचा खून झाला. लोक एका जागी राहत होते म्हणूनच त्यांची मतं एका जागी पडली, हे यातलं खरं मर्म.

पुढे ऐंशीच्या दशकात एड्सने तिथली एक अख्खी पिढी नेली. मग संगणक कंपन्यांचे मोठे पगार आले, भाडी चढली. आज घरातून बाहेर पडलेल्या बावीस वर्षांच्या पोराला तिथे खोली परवडत नाही. भेटीगाठींसाठी बारमध्ये जायची गरजही मोबाइलने कमी केली. २०१९ मध्ये शहराने कॅस्ट्रोला ‘सांस्कृतिक विभागा’चा (कल्चरल डिस्ट्रिक्ट) दर्जा दिला. त्याने पाट्या आणि आठवणी जपल्या जातील, पण भाडं काही खाली येणार नाही.

पुण्यात अशी वस्ती झाली नाही, कारण आपल्याकडे माणूस घर सोडतो ते लग्नासाठी, नाहीतर नोकरीसाठी. ‘मी असा आहे’ म्हणून वेगळं बिऱ्हाड करणं २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या सावलीतच होतं. आणि एकट्या पुरुषाला घर देताना मालक दहादा विचार करतो, तिथे एका गल्लीत पन्नास जणांना कोण जागा देणार? त्यामुळे इथला समाज पेठांत, कोथरूडमध्ये, विमाननगरमध्ये, हडपसरमध्ये विखुरलेला आहे. पार्ट्या होतात त्या बहुतेक कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडे. तिथे जाण्यायेण्याचा आणि आत शिरण्याचा खर्च झेपतो त्यांनाच तो मोहल्ला मिळतो, तोही एका रात्रीपुरता. म्हणून पुण्यात प्राइडचे, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांच्या पदयात्रेचे, ते दोन-तीन तास फार मोलाचे आहेत. वर्षभर एकमेकांना न दिसणारी माणसं तेवढा वेळ एका रस्त्यावर असतात.

प्रश्न : पूर्वी पुण्याची प्राइड म्हणजे मूठभर लोक असायचे. आता कंपन्यांच्या टी-शर्टांचीच गर्दी वाटते. मूळ हेतू हरवला का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : काही अंशी हो. पुण्यातली पहिली पदयात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने काढली. तेव्हा चालणाऱ्यांच्या पाठीशी समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल होता. बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ लाच, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने हे संबंध गुन्ह्यातून वगळेपर्यंत जे चालले ते कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरू शकतील अशा अवस्थेत चालले. त्या वर्षांत चेहऱ्यावर मुखवटे असायचे, ते हौसेने नव्हेत. कंपन्यांचे फलक ठळकपणे दिसू लागले ते धोका टळल्यावर. न्यूयॉर्कमध्ये याच नाराजीतून ३० जून २०१९ रोजी कंपन्यांना वगळून वेगळा मोर्चा निघाला होता.

कंपन्यांना हाकलून द्यावं असं आम्हाला वाटत नाही. पोराच्या ऑफिसचा फलक पाहून एखाद्या आईची भीती कमी होते, हीही खरी गोष्ट आहे. पण फलक धरू देण्याआधी आयोजकांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : आरोग्य विम्यात समलिंगी जोडीदार धरला जातो का, छळाची तक्रार कोणाकडे करायची, आणि पारलिंगी कर्मचारी कोणतं स्वच्छतागृह वापरतात. उत्तर आलं नाही तर माणसांनी जरूर यावं, बोधचिन्ह घरी ठेवावं. आणि पहिली रांग तृतीयपंथीयांची असावी. रस्त्यावर उघडपणे जगण्याची किंमत त्यांनी सगळ्यांच्या आधीपासून मोजली आहे.

प्रश्न : पिंपरीत आमचा चाळीस जणांचा गट आहे. छोटी पदयात्रा काढायची आहे. परवानगी कशी घ्यावी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पहिली चूक पत्त्यातच होते. पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. अर्ज पुण्याच्या आयुक्तांकडे गेला तर आठवडा फुकट जातो. किमान महिनाभर आधी स्थानिक पोलिस ठाणे आणि वाहतूक शाखा या दोन्हीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, प्रत्येक चौकाच्या नावासह मार्ग, अंदाजे संख्या, वाहनं आणि दोन जबाबदार व्यक्तींचे मोबाइल नंबर हवेत. टेम्पोवर स्पीकर असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. एकत्र जमायला महापालिकेची बाग हवी असेल तर उद्यान विभागाचं पत्रही लागतं.

मार्ग आधी त्याच वारी, त्याच वेळी चालून पाहा. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. तेवढ्या टप्प्यात ढोल आणि स्पीकर बंद, घोषणाही नकोत. महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली त्या दिवसांत जमावबंदी लागू आहे का, हे आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा. सणावाराच्या तोंडावर ती लागते आणि हातातली परवानगी अडकते.

वीस जणांमागे एक स्वयंसेवक ठेवा, म्हणजे तुम्हाला दोन पुरतात. पण एक अगदी शेवटी चालणारा हवाच. रांग तुटते ती सिग्नलला, आणि मागे राहिलेल्यांना टवाळखोर गाठतात. फोटो नको असलेल्यांच्या दंडाला पांढरी फीत बांधा आणि पत्रकारांना ती सुरुवातीलाच दाखवा.

प्रश्न : मी शिवणकाम करते. भाचा म्हणाला, प्राइडसाठी मोठा झेंडा शिवून दे. रंग किती, कापड किती लागेल?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : भाच्यासाठी असं विचारणारी माणसं त्याच्या घरात आहेत, याचा आनंद वाटला. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ इथे चालत नाही. झेंड्यात रंग सहाच : तांबडा वर, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, आणि खाली जांभळा. पारवा नाही. गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये आठ पट्ट्यांचा झेंडा केला होता. गडद गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो रंग गळला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर निम्मे-निम्मे पट्टे लावता यावेत म्हणून १९७९ मध्ये आणखी एक कमी झाला.

९ बाय ६ फुटांचा झेंडा धरला तर प्रत्येक पट्टा तयार होऊन १२ इंचांचा. दोन्हीकडे अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून कापायचा १३ इंच. ४४ इंच पन्ह्याचं कापड प्रत्येक रंगाचं ३ मीटर घेतलं, तर लांबीच्या दिशेने तीन पट्टे निघतात, म्हणजे बिनजोडाचे तीन झेंडे. एकच झेंडा हवा असेल तर रंगागणिक सव्वा मीटर पुरे, पण मग प्रत्येक पट्ट्याला दोन जोड येतील.

सुती कापड टाळा. प्राइड जूनमध्ये असेल तर पावसाची सर ठरलेली, आणि तांबडा रंग उतरून नारिंगी-पिवळ्यावर ओघळतो. सॅटिन दिसतं सुंदर, पण भिजलं की जड होऊन मधोमध झोळ येतो. रविवार पेठेतल्या कापडगंजात पॉलिस्टरचं हलकं टॅफेटा मिळेल, ते घ्या. कडा आत दुमडून दुहेरी शिवण मारा, कारण झेंड्याच्या दोन्ही बाजू दिसतात. काठीच्या बाजूला तीन इंचांची नेफ्यासारखी पट्टी ठेवा आणि तिथे आतून जाड नाडी शिवा. झेंडा फाटतो तो पहिल्यांदा तिथेच.

प्रश्न : आम्ही दोघे पुरुष जोडीदार म्हणून भाड्याने राहतो. करारावर एकाचंच नाव आहे. काही अडचण येईल का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : येईल. ज्याचं नाव करारावर नाही तो सोसायटीच्या लेखी पाहुणा. भांडण झालं किंवा दुसऱ्याला काही झालं तर त्याला घराबाहेर काढायला वेळ लागत नाही. लीव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाने करा. नातं लिहायची सक्ती नाही, ‘सहभाडेकरू’ पुरतं. २०,००० भाडं, ६०,००० परत मिळणारी अनामत आणि ११ महिने धरले, तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क पावणेसहाशे रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,०००. ‘नोंदणी कशाला?’ असं मालक म्हणाला, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ दाखवा. नोंदणीची जबाबदारी त्याची आहे आणि ती टाळली तर शिक्षाही त्यालाच. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती दोघांचीही भरा.

घर नाकारलं तर मात्र आज हातात फारसं काही नाही. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींना घर नाकारण्यास मनाई केली, समलिंगींसाठी तसा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्कही मिळाला नाही. बँकेचं दार तेवढं उघडलं आहे : समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. शाखेत अडवलं तर नकार लेखी मागा.

अनामत दोघांची असेल तर ती संयुक्त खात्यातून, चेकने द्या. आणि दोघांनीही मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात, फक्त ज्याला काही ठेवायचं आहे त्यालाच साक्षीला बसवू नका.