व्याध अधिक तेजस्वी, की राजन्य?

प्रश्न : हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या परिसरात व्याधाचा तारा सर्वांत ठळक दिसतो. मृगातला राजन्य (रायजेल) त्या मानाने मंद आणि काक्षी (बीटलजूस) तांबूस दिसतो. नुसते पाहून यांपैकी कोणता तारा खरोखर तेजस्वी, कोणता अधिक तप्त आणि कोणता जवळचा, हे ओळखता येते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताऱ्याच्या ठळकपणावरून त्याचे खरे तेज कळत नाही आणि अंतरही कळत नाही. रंगावरून तापमानाचा अंदाज मात्र चांगला बांधता येतो. आपण नेमके तीन तारे निवडले आहेत आणि या तिघांची तुलना केली की विषय बराचसा उलगडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताऱ्याच्या ठळकपणासाठी खगोलशास्त्रात ‘प्रत’ हे माप वापरतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने ताऱ्यांचे वर्ग पाडले, तेव्हापासून सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे मानण्याची रीत चालत आली आहे. तिला गणिती रूप दिले ते १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर शंभर पटींचा फरक, असे त्यांनी ठरवले. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे सरकारी ज्योतिर्विद म्हणून भारतात आले आणि १८९१ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच काम करत राहिले. आपल्या देशातल्या खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांचा उल्लेख फार थोडा होतो, याची मला खंत वाटते.

या मापात आकडा जितका लहान तितका तारा ठळक, आणि फारच ठळक ताऱ्यांचा आकडा शून्याच्याही खाली जातो. व्याधाची प्रत उणे १.४६, राजन्याची सुमारे ०.१३ आणि काक्षीची साधारण ०.५ आहे. काक्षी रूपविकारी तारा असल्याने त्याची प्रत स्थिर नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ पर्यंत उतरली होती आणि मृगाचे नेहमीचे रूपच बदलल्यासारखे वाटत होते.

आता अंतराचा हिशेब पाहू. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, तर राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षे, म्हणजे जवळजवळ शंभर पट दूर. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे शंभर पट दूर गेलेला तारा दहा हजार पट मंद दिसतो आणि प्रतीच्या भाषेत हा फरक दहा प्रतींचा होतो. याचा अर्थ असा, की राजन्य जर व्याधाच्या अंतरावर आणून ठेवला, तर त्याची प्रत उणे ९.९ च्या आसपास जाईल आणि तो एकटा तारा जवळजवळ अष्टमीच्या चंद्राइतका प्रकाश देईल. उलट व्याधाला राजन्याच्या जागी नेले, तर त्याची प्रत ८.५ होईल आणि कितीही काळोखी रात्र असली तरी तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. आकाशातला सर्वांत ठळक तारा हे व्याधाचे बिरुद मुख्यतः त्याच्या जवळपणामुळे आहे. व्याधाचे खरे तेज सूर्याच्या सुमारे २५ पट, तर राजन्याचे लाख पटींच्या घरात आहे.

तापमानासाठी अंतर ठाऊक असण्याची गरज नसते, हे मला या विषयातले मोठे सुदैव वाटते. तापलेली वस्तू जितकी अधिक तप्त, तितका तिच्या प्रकाशाचा भर वर्णपटाच्या निळ्या बाजूकडे सरकतो. राजन्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १२,००० केल्विन असल्याने तो निळसर पांढरा दिसतो. व्याध सुमारे ९,९०० केल्विनचा, म्हणून पांढरा. आपला सूर्य सुमारे ५,७७० केल्विनचा आणि काक्षी जेमतेम ३,६०० केल्विनचा, म्हणून तांबूस. काक्षीच्या प्रकाशाचा मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडतो आणि तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

तापमान कळले की ताऱ्याच्या आकाराकडे जाता येते. ताऱ्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर जी ऊर्जा बाहेर टाकतो, ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. राजन्य काक्षीपेक्षा सव्वातीन पटींहून थोडा अधिक तप्त आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक चौरस मीटर काक्षीच्या तेवढ्याच भागाच्या सुमारे १२० पट ऊर्जा देतो. असे असूनही दोघांचे एकूण तेज साधारण एकाच पातळीवरचे आहे, कारण काक्षीचा व्यास राजन्याच्या सुमारे दहा पट आणि म्हणून पृष्ठभाग सुमारे शंभर पट आहे. काक्षी तापमानात कमी पडतो, ते आकाराने भरून काढतो. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला, तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल.

रंग प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एक सूचना करतो. फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास व्याध दक्षिणेला उंच आलेला असतो, तेव्हा पाहावे. क्षितिजालगत असताना वातावरणामुळे तो लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो आणि त्या रंगांचा त्याच्या तापमानाशी काही संबंध नसतो. साधी द्विनेत्री असेल तर ताऱ्यावर रोखून तिचा फोकस मुद्दाम किंचित बिघडवावा. बिंदूची जागा लहानशी चकती घेते आणि काक्षीचा नारिंगी व राजन्याचा निळसर पांढरा रंग अगदी स्वच्छ ओळखू येतो.

प्रश्न : ताऱ्यांची अंतरे मोजतात कशी, आणि वेगवेगळ्या पुस्तकांत काक्षीचे अंतर वेगवेगळे का असते?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : मूळ रीत भूमितीची आहे. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते, म्हणजे आपली पाहण्याची जागा सुमारे ३० कोटी किलोमीटर सरकते, आणि त्यामुळे जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसतो. या हलण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. कोन फार लहान असतात. व्याधाचा पराशय ०.३८ विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे साडेतेरा किलोमीटरवरून पाहिल्यास जेवढा कोन होईल, तेवढाच हा कोन. फ्रीडरिश बेसेल या जर्मन ज्योतिर्विदांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय असा मोजून दाखवला. पृथ्वी फिरत असेल तर तारे सरकताना का दिसत नाहीत, हा कोपर्निकसच्या काळापासूनचा आक्षेप त्यामुळे कायमचा निकालात निघाला.

काक्षीची अडचण निराळी आहे. त्याचा पराशय विकलेच्या दोनशेव्या भागाच्या आसपास आहे, पण त्याच्या तबकडीचा कोनीय व्यास त्याच्या आठ-नऊ पट भरतो. हा व्यास १९२० मध्ये मायकेलसन आणि पीज या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मोजला होता. सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेल्याची ती पहिलीच वेळ. या मोठ्या तबकडीवर तप्त वायूचे प्रचंड उमाळे येत-जात असतात, त्यामुळे तिचा प्रकाशमध्यच इकडेतिकडे सरकतो आणि हे सरकणे पराशयात मिसळते. हिप्पार्कोस उपग्रहाच्या १९९७ मधील मापनांवरून काक्षीचे अंतर सुमारे ४३० प्रकाशवर्षे आले, रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणे जमेस धरून २००८ मध्ये ते सुमारे ६४० ठरले आणि २०२० च्या एका अभ्यासात सुमारे ५५० मिळाले. जवळजवळ दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय मोजणाऱ्या गाया या अवकाशयानालाही काक्षीच्या बाबतीत मदत करता आली नाही, कारण तो त्याच्या उपकरणांच्या मानाने फार ठळक आहे. माझ्या मते वर्गात काक्षीचे अंतर सांगताना एकच आकडा न देता ‘पाचशे ते सातशे प्रकाशवर्षे’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल.

प्रश्न : अधिक तप्त तारा नेहमी अधिक तेजस्वीच असतो का?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : नाही, आणि याचे उत्तम उदाहरण व्याधाशेजारीच आहे. व्याधाच्या गतीतील डोलण्यावरून त्याला एक न दिसणारा जोडीदार असला पाहिजे, असे बेसेल यांनी १८४४ मध्ये अनुमान काढले, आणि १८६२ मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क यांना नव्या दुर्बिणीचे भिंग तपासताना तो जोडीदार दिसला. त्याचे तापमान सुमारे २५,००० केल्विन, म्हणजे व्याधाच्या अडीच पट. तरी त्याची प्रत ८.४ आहे आणि दृश्य प्रकाशात तो व्याधापेक्षा सुमारे नऊ हजार पट मंद आहे. दोघे एकाच अंतरावर असल्याने इथे अंतराचा प्रश्नच येत नाही. हा जोडीदार श्वेत बटू आहे. वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके, पण आकार पृथ्वीपेक्षाही थोडा लहान. त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर व्याधाच्या सुमारे ४० पट ऊर्जा देतो, मात्र असे चौरस मीटर त्याच्याकडे व्याधाच्या चाळीस हजाराव्या भागाएवढेच आहेत, आणि त्या ऊर्जेचाही बराचसा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांत जातो.