सासूबाई हल्ली फारशा बोलत नाहीत

प्रश्न: ताई, आम्ही नौपाड्यात राहतो. मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. वन बीएचके, जागा अजिबात पुरत नाही. मुलीच्या शाळेचं बघूनच नवीन घर घ्यायचं ठरलंय, पण कुठे घ्यायचं यावरून घरात रोज वाद होतात. मी कासारवडवलीला एका टॉवरमध्ये टू बीएचके पाहिलाय. आयसीएसई शाळा गेटपासून पाच मिनिटांवर. नवऱ्याला पाचपाखाडीत, त्याच्या जुन्या शाळेजवळच घर हवंय. तिथे सेमी-इंग्रजी आहे, फी कमी आहे, पण मला मुलीच्या बाबतीत तडजोड नको. पैशांचं जमेल. सासूबाईंचं राहतं घर विकायचंय. सासरे गेल्यावर नॉमिनी म्हणून ते त्यांच्या नावावर झालं आणि त्यांची हरकत नाही. नणंद नाशिकला दिल्या घरी सुखी आहे. नवीन फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर घेऊ, बाईचं नाव असलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो. शाळा दुपारी साडेबाराला सुटते, पण घरी सासूबाई आहेतच. त्या हल्ली फारशा बोलत नाहीत. सॅम्पल फ्लॅट बघायला नेलं तेव्हासुद्धा ‘इथून रिक्षा मिळते का?’ एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात टोकन द्यायचंय. बरोबर कोणाचं, माझं की त्याचं?
– गोंधळलेली आई, ठाणे

उत्तर: टोकन देऊ नकोस.

तुझं मूळ पत्र बरंच मोठं आहे, इथे निम्मंही छापलेलं नाही. दोन बोर्डांची तुलना, वर्गात मुलं किती, बस किती वाजता, सगळं तू तपशिलात लिहिलंस. सासूबाईंच्या वाट्याला पाच-सहा वाक्यं आली, आणि तुमचा अख्खा बेत त्या वाक्यांवर उभा आहे. घर त्यांचं विकायचं. साडेबाराला मुलीला उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं, झोपवायचं तेही त्यांनीच. नवीन घराच्या करारावर मात्र त्यांचं नाव नाही. हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याचा मला राग आला.

त्यांची हरकत नाही हे तुला कोणी सांगितलं? त्यांनी? कधी, कोणत्या शब्दांत? पत्रात त्यांच्या तोंडचं एकच वाक्य आहे, रिक्षाचं. तुला ते बिनमहत्त्वाचं वाटलं. मला वाटतं, त्यांना जे बोलायचं होतं ते त्या तिथेच बोलल्या. नौपाड्यात जिना उतरलं की त्यांचं जग चालत जाण्याइतकं जवळ आहे. घंटाळीचं देऊळ, राम मारुती रोड, गावदेवीची भाजी मंडई, संध्याकाळी पाय चालले तर तलावपाळी. तिथे कोणाला सांगून निघावं लागत नाही. कासारवडवलीला टॉवरच्या गेटबाहेर घोडबंदर रोड. दिवसरात्र अवजड वाहनं, मेट्रोचे खांब, पलीकडे जायचं तर जीव मुठीत धरून. ठाणे स्टेशन साधारण दहा किलोमीटर मागे राहिलेलं. त्या बाईने उभ्या उभ्या हिशेब केला की इथून मी एकटी कुठे जाऊ शकेन? त्यांच्या प्रश्नाला तुमच्यापैकी कोणी उत्तर दिलं का? पत्रात तरी ते नाही.

नवऱ्याचं बरोबर असं मी म्हणतेय, असं त्याने मुळीच समजू नये. पाचपाखाडीचं घरसुद्धा आईचं घर विकूनच यायचंय. तू सून आहेस, तो मुलगा आहे. त्याने पहिल्यांदा विचारायला हवं होतं.

आता व्यवहाराचं बघू. तिथेही तुम्ही कच्चे आहात.

सोसायटीने नॉमिनी म्हणून नाव लावलं, म्हणजे सासूबाई पूर्ण मालक झाल्या असं नाही. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा. सासऱ्यांची आई हयात नाही असं धरून चालले, तर नाशिकच्या नणंदेचा तिसरा हिस्सा आहे. ती दिल्या घरी कितीही सुखी असो, तिच्या सहीशिवाय किंवा नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राशिवाय ते घर तुम्हाला सरळपणे विकता येणार नाही. एक टक्क्याचंही तू चुकीचं ऐकलंयस. महाराष्ट्रात ती सवलत घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर घेतलं तर मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला लिहून दिलेलं घर त्याने सांभाळलं नाही, तर आईबाप न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. पण तिऱ्हाइताला विकून टाकलेलं घर कुठून परत आणणार? उद्या तुमचं आणि त्यांचं पटलं नाही, तर त्यांनी जायचं कुठे?

शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला वाटतं तेवढा हा प्रश्न अवघड नाही. फ्लॅट घेतला की शेजारच्या शाळेत जागा मिळते, असा खासगी शाळांसाठी कुठलाही नियम नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांसाठी अंतर बघतात, आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीनपर्यंतची. बाकी प्रवेश शाळा देईल तसा. फी वाढेल, मुख्याध्यापक बदलतील, पाचवीत मुलीला तिथे आवडेनासं होईल. शाळा बदलता येते, पण वीस वर्षांचं कर्ज फेडावंच लागतं. आणि दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात सगळ्या बोर्डांची मुलं एकाच रांगेत उभी असतात. बोर्डामुळे मुलगी मागे पडेल ही भीती तू डोक्यातून काढून टाक.

चार वर्षांच्या पोरीला काय लागतं? शाळा सुटल्यावर दाराशी ओळखीचं माणूस. भूक लागली, पडली, बाईंनी रागावलं, की आधी ज्याला सांगावं असं माणूस. तिच्याकडे ते आहे. ते नौपाड्यात राहतं आणि तिथे त्याचं बरं चाललंय, किंवा तुम्ही सॅम्पल फ्लॅट बघायला लागेपर्यंत चाललं होतं. ‘हल्ली’ फारशा बोलत नाहीत, असं तूच लिहिलंस. कधीपासून, हे आठवून बघ. बेत ठरल्यापासूनचं असेल तर कारण तुला कळलंच. त्याआधीपासून असेल, झोप आणि जेवणही कमी झालं असेल, तर घराचं राहू दे, आधी त्यांना डॉक्टरकडे ने. म्हातारपणी असं गप्प होत जाणं हे औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन, असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

तेव्हा माझं सांगणं एकच. घर विकू नका आणि आजीला चालत जाता येईल अशा शाळेत मुलीचं नाव घाला. नौपाडा, विष्णूनगर, पाचपाखाडी, या पट्ट्यात मराठी, सेमी, इंग्रजी, सगळ्या तऱ्हेच्या शाळा आहेत. पालकसभेच्या दिवशी तुला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकावं लागणार नाही. 1893 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मुलगी वाचायला लागली की आजी-नात मिळून जातील.

जागा पुरत नाही हे मला पटतं. वन बीएचकेत चौघं म्हणजे भांडणं व्हायचीच. त्याच भागात आणखी दोन खोल्या भाड्याने घ्या, रीतसर लिव्ह अँड लायसन्स करून. हप्त्यापेक्षा भाडं खूपच कमी पडेल. नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्यात. तुमच्या सोसायटीत तसं काही बोलणं चाललंय का, तेही सभेला जाऊन नीट विचारा. ते चालू असेल तर आज घर विकणं हा तोट्याचा सौदा आहे.

आणि सासूबाईंशी बोल. नवऱ्याला बाजूला बसव, पण बोल तू. ‘तुमची हरकत नाही ना?’ असं विचारू नकोस, त्याला त्या नाहीच म्हणतील. ‘तुम्हाला कुठे राहायचंय?’ असं विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. मनापासून तिकडे जायचं म्हणाल्या, तर करारावर पहिलं नाव त्यांचं घाला, आणि त्याआधी नाशिकला फोन करून नणंदेला सगळं सांगा.