मागच्या डिफरन्शियलचा आवाज आणि गळती

प्रश्न : वेग वाढवताना गाडीच्या मागून घुमणारा आवाज येतो आणि डिफरन्शियलच्या (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) पुढच्या तोंडाशी तेल ओघळलेले दिसते. नेमका दोष कसा ओळखावा?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या जागी पिनियनचे (ताकद आत आणणाऱ्या लहान गिअरचे) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, असते, मात्र ते बदलण्यापूर्वी वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) अवश्य तपासा, कारण तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना आवाज बदलत असेल, तर क्राउन-पिनियन (पिनियन आणि त्याने फिरणारा मोठा गिअर यांची जोडी) किंवा पिनियन बेअरिंगचा संशय घ्यावा. वळणावर बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो ना, हे पाहावे. निचऱ्यात धातूचे तुकडे आढळल्यास गाडी मुळीच चालवू नका.